छपराखालची छत्री

देठाच्या टोकाशी एकाच बिंदूतून सात, आठ किंवा नऊ पर्णिका बाहेर पडतात; कोवळेपणी त्या पोपटी, तेल लावल्यागत चकचकीत आणि एकमेकींना बिलगून खाली लवलेल्या असतात, आणि मग दिवसागणिक उलगडत जाऊन छत्रीच्या काड्यांसारख्या चहूकडे ताणल्या जातात. ज्या पानातील सर्व पर्णिका देठाच्या टोकाला अशा एकत्र जोडलेल्या असतात, त्याला वनस्पतिशास्त्रात हस्ताकृती संयुक्त पर्ण म्हणतात. काटेसावरीचे पान असेच असते. सातवीण मात्र फसवी, कारण तिच्या फांदीच्या पेराभोवती दिसणारी सात पाने ही सात स्वतंत्र पाने असतात, एका पानाचे भाग नव्हेत. ज्याच्या पानापासून सुरुवात केली त्या छत्रीच्या झाडात हा भेद पान गळते तेव्हा सहज उमगतो : देठासकट अख्खी छत्रीच खाली येते आणि खोडावर, जिथे देठाने त्याला वेढले होते तिथे, फिकट अर्धचंद्राकृती वण मागे राहतो. जुन्या झाडाच्या खोडावर असे वण एकावर एक चढत गेलेले दिसतात आणि किती पाने आली नि गेली याचा तो एक हिशेबच असतो.

रोपवाटिकांमध्ये ‘शेफ्लेरा’ या नावाने विकले जाणारे हे ठेंगणे झुडूप मूळचे तैवान आणि हैनान या बेटांवरचे. तैवान जपानच्या ताब्यात असताना तिथल्या वनस्पतींचा अभ्यास करणाऱ्या बुन्झो हायाता या जपानी शास्त्रज्ञाने 1916 साली त्याचे वर्णन केले आणि त्याला हेप्टाप्लुरम या वंशात ठेवले. 1929 साली मेरिल या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याला शेफ्लेरा वंशात हलवले. आणि 2020 साली, शेफ्लेरा म्हणून एकत्र बांधलेल्या शेकडो जाती मुळात एका वंशाच्या नाहीतच असे ठरल्यावर, ते पुन्हा हायातांच्या हेप्टाप्लुरममध्ये परतले. रोपवाटिकेतल्या पाटीवर या घडामोडींचा काही परिणाम झालेला नाही, आणि होण्याचे कारणही नाही. कुळ मात्र या सगळ्यात बदलले नाही. ते ॲरेलिएसी, म्हणजे आयव्हीचा वेल आणि जिनसेंग ज्या कुळात मोडतात तेच.

त्याच्या मूळ मुलखात, दमट जंगलात, हे झुडूप पुष्कळदा जमिनीवर नसते. पक्षी त्याची केशरी फळे खातात, बिया दुसऱ्या झाडाच्या बेचक्यात पडतात, तिथल्या कुजलेल्या पाल्यात आणि शेवाळात रुजतात आणि रोप त्या उंचीवरच आपला संसार मांडते. अशा वनस्पतीला अपिवनस्पती म्हणतात. ती बांडगुळासारखी आधारवृक्षाचा रस शोषत नाही, फक्त त्याची उंची वापरते, कारण जंगलाच्या तळाशी उजेड कमी आणि वर जास्त, आणि तो मिळवण्यासाठी स्वतः शंभर फूट खोड उभारण्यापेक्षा दुसऱ्याने उभारलेल्या खोडावर बसणे स्वस्त पडते. सह्याद्रीला हा प्रकार नवा नाही. थिओडोर कुक यांनी 1901 ते 1908 या काळात प्रसिद्ध केलेल्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतिग्रंथात हेप्टाप्लुरम वंशाची नोंद आहे, आणि घाटमाथ्यावरच्या ओल्या जंगलात जुन्या वृक्षांच्या खोडाला धरून वाढणारी या वंशाची झुडपे पावसाळ्यात फिरणाऱ्यांच्या नजरेस पडतात, मात्र बहुतेकांना ती त्या वृक्षाचीच एखादी वेगळी फांदी वाटते. तेव्हा दिवाणखान्यातील कुंडीत बसलेला हा पाहुणा परदेशी खरा, पण त्याची भावकी इथलीच आहे.

घराच्या आत झाड ठेवणे ही कल्पना मात्र मराठी घराला फारशी जुनी नाही. तुळस अंगणात, मागे परसात आळू, केळ, कढीपत्ता, पारिजातक. झाडांची जागा उंबऱ्याच्या बाहेर होती. आत येत ती पाने, आणि तीही तोडलेली : दारावर आंब्याचे डहाळे, सत्यनारायणाच्या चौरंगाला केळीचे खांब, तबकात विड्याची पाने, गणपतीला पत्री. दोन दिवस हिरवे राहावे आणि मग विसर्जनाच्या वाटेने जावे, असा त्या हिरवेपणाचा करार होता. मुळासकट आत शिरणाऱ्या झाडाकडे घर संशयानेच पाहत आले. भिंतीच्या फटीत उगवलेला पिंपळ दिसला की घरधनी अस्वस्थ होतो, आणि वास्तविक तो पिंपळही पक्ष्याच्या विष्ठेतून आलेल्या बीजातून, मातीशिवाय, उंचावर रुजलेला असतो; म्हणजे शेफ्लेराची जी जन्मजात रीत तीच त्याची. एकाला चुना-सिमेंट भरून मारले जाते, दुसऱ्याच्या पानांवर फवाऱ्याने पाणी उडवले जाते. फरक एवढाच की दुसरा विकत आणलेला असतो आणि तो लहान राहील असे आश्वासन विकणाऱ्याने दिलेले असते.

या आश्वासनात सगळी गोम आहे. वाडे जाऊन सदनिका आल्या, अंगण गेले, परस गेले, गॅलरीही पुढे खोलीत घेतली गेली, आणि मग हिरवाईची भूक आतल्या कोपऱ्यांकडे वळली. उरुळी कांचनच्या परिसरात पुणे-सोलापूर रस्त्याला लागून ज्या रोपवाटिका पसरल्या आहेत, तिथे शेडनेटच्या हिरव्या सावलीत अशा ‘इनडोअर’ झाडांच्या काळ्या पिशव्यांच्या रांगा लागलेल्या दिसतात, आणि गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न बहुधा पाण्याचा किंवा उन्हाचा नसून ‘हे किती मोठं होतं?’ असा असतो. मोकळ्यावर तीन-चार मीटर वाढणाऱ्या या झुडपाची आखूड पेरांची, दाट पानांची, ठेंगणी वाणे निवडून वाढवली गेली ती या प्रश्नाच्या उत्तरासाठीच. घराला झाड हवे असते, पण झाडाची वाढ नको असते. ते जिवंत असावे, टवटवीत असावे, अधूनमधून एखादे नवे पान काढून आपली खुशाली कळवावी, पण टीपॉय आणि पडदा यांच्यामधली आपली हद्द ओलांडू नये, अशी अपेक्षा असते. जगणे आणि वाढणे या दोन गोष्टी माणसाच्या बाबतीत विशीनंतर वेगळ्या होतात. झाडाच्या बाबतीत त्या कधीच पुरत्या वेगळ्या होत नाहीत, आणि घरातल्या झाडाची निगा म्हणून जे काही केले जाते ते बरेचसे या न होणाऱ्या ताटातुटीची व्यवस्था लावणे असते.

त्यातली पहिली व्यवस्था उजेडाची, आणि तिथेच माणसाचा डोळा सर्वांत मोठा दगा देतो. भर दुपारच्या उन्हात एक लाख लक्स एवढा प्रकाश असतो. लक्स हे एखाद्या पृष्ठावर पडणाऱ्या उजेडाचे माप. खिडकीच्या अगदी जवळ, ऊन थेट येत नसले तर, तो एक-दोन हजारांवर येतो आणि खोलीत सात-आठ फूट आत गेले की काहीशेवर उतरतो. एवढा उतार होऊनही माणसाला खोली ‘लख्ख’ वाटते, कारण बाहुली रुंदावते, दृष्टिपटल जुळवून घेते आणि शंभरपट कमी झालेला उजेड मनाला फार तर थोडा कमी भासतो. पानाला बाहुली नाही. त्याच्याकडे पोहोचतो तेवढाच उजेड पोहोचतो, आणि त्यातून जेवढी साखर बनेल तेवढीच बनते. उजेडाची एक पातळी अशी असते की जिथे पान जितके अन्न तयार करते तितकेच श्वसनात खर्च होते. तिला भरपाई-बिंदू म्हणतात. त्याच्या खाली झाड मरत नाही, निदान लगेच नाही. ते साठ्यावर जगते, खालची पाने एकेक करून सोडते आणि नव्या फांद्या खिडकीच्या दिशेने लांबवते. शोभेच्या रॅकवर, टीव्हीच्या बाजूला, दरवाजामागच्या कोपऱ्यात ठेवलेली असंख्य झाडे या अवस्थेत महिनोन्‌महिने काढतात आणि घरचे लोक ‘चांगलं टिकलंय’ म्हणून समाधान मानतात.

रोपवाटिकेतून घरी आलेले झाड पहिल्या काही आठवड्यांत पाने गाळते, तेही यामुळेच. जास्त उजेडात तयार झालेले पान जाड आणि खर्चिक असते, सावलीत तयार झालेले पातळ आणि काटकसरी. एकदा पूर्ण वाढलेले पान आपली रचना फारशी बदलू शकत नाही, म्हणून झाड जुनी खर्चिक पाने टाकून देते आणि नव्या परिस्थितीला परवडतील अशी पाने नव्याने काढते. फ्लोरिडात घरातील झाडांचा मोठा व्यवसाय आहे. तिथे 1970 च्या दशकात हे ओळखून रोपांना विक्रीपूर्वीच काही काळ गडद सावलीची सवय लावण्याची पद्धत रूढ झाली. आपल्याकडे ही सवय बहुधा गिऱ्हाइकाच्या दिवाणखान्यातच लागते आणि पहिली पानगळ दिसताच घाबरून पाणी, खत, जागाबदल यांचा जो मारा होतो, तो पानगळीपेक्षा अधिक घातक ठरतो.

झाडांच्या संगोपनाचे छापील सल्ले वाचताना आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते : ते बहुतांशी उत्तरेकडच्या थंड देशांत लिहिले गेलेले असतात. तिथे सूर्य बाराही महिने दक्षिणेकडे कललेला, म्हणून दक्षिणेची खिडकी सर्वांत उजळ. वाढीचा हंगाम म्हणजे हिवाळा सरल्यानंतरचा वसंत. आणि धोका थंडीचा. पुण्या-मुंबईच्या अक्षांशावर मेच्या मध्याला सूर्य माथ्यावर येतो, मग जुलैअखेरपर्यंत माध्यान्हीला उत्तरेकडेच असतो, आणि त्या काळात दक्षिणेच्या खिडकीत ऊन शिरतच नाही. ते शिरते डिसेंबरात, तिरपे, थेट सोफ्यापर्यंत. इथे भीती असते ती पश्चिमेच्या खिडकीची. एप्रिलमधल्या दुपारी काचेला टेकलेले पान दोन तासांत पांढुरके, मग तपकिरी कागदासारखे होते. आणि वाढीचा हंगाम म्हणावा तर तो मृगानंतरचा. ओलसर, ऊबदार हवेत शेफ्लेरा झपाट्याने पालवतो, कारण तैवान कर्कवृत्तावरचे बेट आहे आणि तिथल्या डोंगरातली ओली हवा लंडनपेक्षा कोकणाला अधिक जवळची आहे. या झाडाला परके आहे ते इथले हवामान नव्हे. परकी आहे ती खोली.

पण पावसाळ्याचा एक पेच आहे. हवा दमट म्हणून झाड तरारलेले दिसते, त्याच वेळी ढगांमुळे खोलीतला उजेड वर्षातल्या नीचांकाला पोहोचतो, आणि कुंडीतले पाणी ना पानांतून उडते ना मातीतून. मे महिन्यात तीन दिवसांनी कोरडी पडणारी कुंडी जुलैत दहा-बारा दिवस ओली राहू शकते. पाणी घालण्याचा वार मात्र ठरलेला असतो, आणि ठरलेल्या वारी पाणी पडत राहते. मातीच्या कणांमधल्या ज्या पोकळ्यांत हवा असायला हवी त्या पाण्याने भरतात, मुळांना श्वास घेता येत नाही, मुळे काळी-मऊ पडतात आणि पाणी शोषण्याचे कामच थांबते. परिणामी भरपूर ओल्या मातीत उभे असलेले झाड तहानलेल्या झाडासारखे माना टाकते, आणि ते पाहून त्याला आणखी पाणी दिले जाते. घरातली जेवढी झाडे उपासाने मरतात त्याहून कितीतरी अधिक अशा लाडाने मरतात, हे कोणीही जुना माळी सांगेल. त्याची पद्धत साधी असते : पहिल्या पेरापर्यंत बोट मातीत खुपसायचे किंवा कुंडी हाताने तोलून पाहायची, आणि बोटाला ओल लागली तर पाण्याची झारी परत ठेवायची. माती पोयट्याची असली तर तिच्यात कोकोपीट, जाडी वाळू किंवा विटांचा चुरा मिसळून ती भुसभुशीत करायची. बोअरचे पाणी वापरणाऱ्या घरांत कुंडीच्या काठावर आणि मातीवर क्षारांचे पांढरे पापुद्रे धरतात आणि पर्णिकांची टोके करपतात. तिथे वर्षातून काही वेळा कुंडी उचलून सरळ पावसात ठेवण्याइतका उत्तम उपाय नाही.

पाण्यापेक्षा कात्रीचा प्रश्न जरा नाजूक आहे. फांदीच्या शेंड्यावरचा कोंब ऑक्झिन नावाचे वाढद्रव्य तयार करतो आणि ते खाली झिरपत जाऊन बाजूच्या डोळ्यांना निजवून ठेवते. शेंडा छाटला की हा धाक सुटतो आणि दोन-तीन डोळे एकदम फुटतात. झाड उंच न होता डेरेदार होते ते यामुळे. म्हणजे ठेंगणेपणा हा नुसता वाणाचा गुण नाही, तो वारंवार केलेल्या छाटणीचाही आहे, आणि छाटलेला शेंडा ओल्या वाळूत खोचला तर त्याचेही नवे झाड होते. पिवळ्या किंवा सायीच्या रंगाचे शिंतोडे असलेल्या वाणांत ही छाटणी अधिकच विचित्र रूप घेते. त्यांच्या शेंड्यातल्या पेशींचे थर एकजिनसी नसतात. एका थराला हरितद्रव्य बनवता येते, दुसऱ्याला येत नाही, आणि एकाच देहात नांदणाऱ्या अशा दोन वेगळ्या पेशीकुळांच्या वनस्पतीला काइमेरा म्हणतात. कधीतरी एखादी फांदी निखळ हिरवी फुटते. तिच्यात हरितद्रव्य अधिक, म्हणून अन्न अधिक, म्हणून वाढ अधिक. तिला मोकळे सोडले तर काही वर्षांत ती ठिपकेदार फांद्यांना झाकोळून टाकते आणि झाड पुन्हा हिरवे होते. म्हणून जाणकार ती फांदी दिसताक्षणी बुडापासून कापतात. झाडातली सर्वांत निरोगी फांदी काढून टाकायची आणि दुबळ्या राखायच्या, याला बागकामाच्या भाषेत निगा राखणे म्हणतात.

निगेचा एक भाग जवळून पाहण्याचाही आहे. टीपॉयच्या काचेवर किंवा कुंडीजवळच्या फरशीवर बोटाला चिकटा लागू लागला, की पर्णिका उलटून तिची मधली शीर पाहावी. तिथे तपकिरी, चपटे, मसुराच्या डाळीहून लहान ठिपके ओळीने बसलेले असतात. ते डाग नसतात, ती खवले कीड असते. कवचाखाली निश्चल बसून ती झाडाचा रस ओढते आणि न पचलेली साखर मागून टाकते; तोच हा चिकटा, आणि पुढे त्याच्यावर काजळीसारखी काळी बुरशी धरते. मुंग्यांची रांग कुंडीकडे वळली तरी तोच अर्थ. फवारणीच्या आधी नखाने किंवा साबणपाण्याच्या ओल्या फडक्याने ती खरवडून काढणे आणि मग कडुनिंबाच्या तेलाचा हात फिरवणे, हा उपाय कंटाळवाणा असला तरी खात्रीचा आहे. वातानुकूलित खोलीच्या कोरड्या हवेत हीच जागा लाल कोळी घेतो, आणि त्याचे जाळे इतके बारीक असते की धूळ बसली म्हणजेच ते दिसते. झाड कुरतडणाऱ्या मांजराला किंवा कुत्र्याला मात्र पानांतले ऑक्झलेटचे टोकदार स्फटिक तोंडात बोचतात, तेव्हा अशा घरात कुंडी उंचावर बरी.

हे झाड हवा शुद्ध करते, असे विकताना सांगितले जाते. नासाने 1989 साली बंद पेटीत केलेल्या प्रयोगांपासून ही समजूत पसरली; 2019 साली अशा अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला तेव्हा असे दिसले की साध्या वायुवीजनाची बरोबरी करायची तर दर चौरस मीटरला किमान दहा झाडे लागतील, आणि कमाल आकडा हजारापर्यंत जातो. एवढी झाडे ठेवल्यावर माणसाला खोलीबाहेरच राहावे लागेल. खिडकी उघडणे सोपे, आणि झाडाकडून झाडपणापलीकडे काही उपयोग काढण्याची गरजही नाही.

हवाईमध्ये हेच ठेंगणे झाड बोन्साय म्हणून वाढवतात. तिथल्या दमट वातावरणात त्याच्या फांद्यांतून हवेतली मुळे सुटतात, दगडाला कवळत खाली उतरतात आणि जाड होऊन वडाच्या पारंब्यांसारखी दिसू लागतात. वीतभर उंचीत शंभर वर्षांच्या वृक्षाचा आभास उभा राहतो. घरातल्या कोरड्या कोपऱ्यात ही मुळे क्वचितच दिसतात, पण पावसाळ्यात एखाद्या पेरापाशी पांढरा, बोथट, अर्ध्या इंचाचा कोंब बाहेर डोकावतो आणि हवेत चाचपडून पुढे वाळून जातो. जंगलात त्याने आधारवृक्षाच्या सालीला पकडले असते. इथे पकडायला पडदा असतो.

तेव्हा घरातला शेफ्लेरा ही एक तडजोड आहे आणि ती तडजोड म्हणूनच निभवावी. त्याला खिडकीपासून तीन-चार फुटांच्या आत जागा द्यावी, मुळांनी कुंडी भरली की ती एकाच मापाने वाढवावी किंवा मुळे छाटून त्याच कुंडीत नवी माती भरावी, आणि जूनच्या पहिल्या सरींना, शक्य त्यांनी, त्याला आठ दिवस गॅलरीच्या कठड्यापाशी नेऊन ठेवावे. आणि आत परत आणल्यावर कुंडीखालच्या बशीत साचलेले पाणी ओतून टाकावे.